नागपंचमीपर्यंत

पोलिसांनी निवृत्तीला सोडलं, पण गावानं काही सोडलं नाही.

तालुक्याच्या ठाण्यात त्याला दोन दिवस बसवून ठेवलं, तेच ते प्रश्न फिरवून फिरवून विचारले, आणि शेवटी फौजदारानं जांभई देत सांगितलं, जा घरी. पुरावा नाही म्हटल्यावर सरकार तरी काय करणार? निवृत्ती एस.टी.नं फाट्यावर उतरला आणि निमखेडीची वाट चालत आला. त्याला वाटलं होतं, सुटून आलो म्हणजे लोक विचारपूस करतील, कोणी कपभर चहा पाजेल. कसलं काय! पारावरची माणसं त्याला पाहून एकदम पिकापाण्याचं बोलायला लागली. आणि माणसं आपल्याला पाहून पिकापाण्याचं बोलायला लागली की समजून घ्यावं, आत्तापर्यंत आपलंच चाललं होतं.

निमखेडी हे सातपुड्याच्या पायथ्याचं, जळगाव जामोदकडचं पानमळ्याचं गाव. शेवरीच्या आणि पांगाऱ्याच्या झाडांवर नागवेली चढवलेल्या. भर चैत्रातही आत शिरलं की अंगावर गारवा येतो. मळा एकच, पण त्याचे धनी पुष्कळ. ज्याच्या त्याच्या ओळी वाटून दिलेल्या, विहीर मात्र सगळ्यांत एक आणि पाणी पाळीनं. नागवेल म्हणजे नागोबाचंच रूप, त्यामुळे मळ्यात चप्पल घालून जायचं नाही, खोटं बोलायचं नाही, शिवी द्यायची नाही. भांडायचं असेल तर बांधाबाहेर या आणि तिथं काय एकमेकांच्या उरावर बसायचं ते बसा.

निवृत्ती आणि हिंमतराव बांधाबाहेरच भांडले होते. निवृत्तीची पाळी असताना हिंमतरावानं पाणी आपल्या ओळीत वळवून घेतलं, एवढंच. पण निवृत्तीची जीभ पहिल्यापासून तिखट. हात साधा, जीभ तिखट, असा माणूस. पारावर चारचौघांत तो म्हणाला, "हिंमत, तुह्या ओळीत एक पान राहू देणार नाई म्या." बोलून तो घरी गेला, जेवला आणि विसरला. लोक विसरले नाहीत. आठवडा झाला नाही तोच हिंमतरावचे वेल माना टाकायला लागले. खाली वाकून पाहिलं, तर एकेक वेल बुडातून विळ्यानं कापलेला. पाच वर्षं लेकरासारखे वाढवलेले वेल. हिंमतराव तिथंच मातीत बसला आणि रडला, आणि रडता रडता त्यानं नाव घेतलं ते निवृत्तीचं. दुसरं कोणाचं घेणार?

निवृत्तीनं वेल कापले नव्हते. हे त्याला ठाऊक, त्याच्या बायकोला, मनकर्णाला ठाऊक, आणि नागोबाला ठाऊक. बाकी गावाला जे ठाऊक होतं ते एवढंच की हा बोलला होता.

त्याचा मळा बंद झाला. कोणी तसं सांगितलं नाही, पण तो बांधाशी गेला की आतली माणसं काम थांबवून उभी राहायची. त्याच्या घरचं पाणी कोणी पीत नव्हतं. मुलीचं, जनकाचं, जळगावच्या एका दुकानदाराच्या घरी जमत आलं होतं. तिकडून निरोप आला की सुपारी फोडायची घाई करू नका, आधी तुमच्या गावातलं मिटू द्या. जनका ते ऐकून घरात निघून गेली आणि दुपारपर्यंत भांडीच घासत राहिली.

शेवटी मळ्यातले सगळ्यांत वडील, अर्जुनराव, यांनी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला सगळ्यांना मळ्यातल्या नागोबाच्या ओट्यापाशी बोलावलं. अर्जुनरावांना मळ्यात सगळे आबा म्हणत. त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे.

"कोर्टाचं कोर्टापाशी," आबा म्हणाले. "मळ्याचा न्याय मळ्यात झाला पाह्यजे. निवृत्ती, बेल-भंडारा उचलतं का?"

"उचलतो."

"मुदत?"

"नागपंचमी," हिंमतराव म्हणाला.

बेल-भंडारा उचलणं म्हणजे देवापुढं बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन बोलायचं. बोलणं सोपं असतं, खरी गोष्ट पुढं असते. मुदत संपेपर्यंत त्या घरात कोणी दगावलं, कोणाला पान लागलं (साप चावला असं इकडे म्हणत नाहीत), गोठ्यातलं जनावर बसलं, किंवा घरात कोणी अंथरूण धरलं, तर शपथ खोटी. आणि मुदत नीट पार पडली, तर माणूस धुतल्या तांदळासारखा. मग त्याच्याकडे बोट दाखवायची कोणाची हिंमत नाही. तोपर्यंत मात्र निवृत्तीनं मळ्यात पाय ठेवायचा नाही. त्याच्या ओळींना शेजारचा सहदेव पाणी देईल.

निवृत्तीनं ओंजळीत बेल घेतला, वर हळद घेतली, आणि खणखणीत आवाजात बोलला, "हिंमतरावचे वेल म्या कापले असतीन, तर नागपंचमीच्या आत माह्या घरावर येवो."

बांधापलीकडे बायका उभ्या होत्या. त्यांत मनकर्णाबाई होती. घरावर येवो, असं तो बोलला. घर म्हणजे कोण, हे काही त्या वेळी त्याच्या डोक्यात आलं नाही. पुरुषमाणसाच्या तोंडी घर म्हणजे सगळंच असतं आणि कोणीच नसतं. तिनं पदर पुढं ओढला आणि हात जोडले.

तिला भीती वाटली नाही. नवरा खरा आहे म्हटल्यावर भ्यायचं कशाला? वैशाख गेला, जेठ गेला. बैल धडधाकट, घर धडधाकट. निवृत्ती कोरडवाहू वावरात ज्वारी-कपाशीचं पाहत होता, येता-जाता मळ्याकडे बघत होता आणि बांधावरूनच मागं फिरत होता. गावाची नजर मात्र त्याच्या दारावर खिळलेली. पोरगी शिंकली तरी शेजारी कान टवकारायचे. लोक वाईट होते असं नाही हो. त्यांना निकाल पाहिजे होता, आणि निकाल त्या घरातूनच बाहेर येणार होता.

आषाढ लागला आणि मनकर्णाबाईला अन्न जाईना. फोडणीचा वास आला की ती उठून परसात जायची. अंग मोडून यायचं, सकाळी कणकण असायची. वय झालं, हवा बदलली, असं म्हणून तिनं दिवस काढले. मग एका सकाळी ती चुलीपुढं बसली होती, खिडकीतून ऊन तिच्या तोंडावर आलं होतं, आणि निवृत्तीनं तिच्याकडे पाहिलं. नेहमी पाहायचा तसं नाही. खरंच पाहिलं.

"मनकर्णे, इकडं पाह्य."

"काय पाहू? भाकर करपून राह्यली."

"डोळे दाखव मले."

तिनं डोळे दाखवले. पांढरं होतं तिथं पिवळं झालं होतं, गर्द पिवळं.

"कावीळ हाय तुले."

"हाय," ती म्हणाली आणि भाकर उलटली. "मले ठाऊक हाय."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगून काय करता? गाडी जुपता? गाडी जुपली का हिंमतरावच्या दारावरूनच जाते ना."

जनका उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "एस.टी.नं जाऊ, बाबा. मावशीकडं चाललो म्हनून सांगू. मी नेते मायले." पोरगी शहाणी होती. पण फाट्यावर सगळ्या गावाच्या पानांच्या करंड्या चढतात, तिथं अर्धं गाव उभं असतं. पिवळे डोळे घेऊन बाई एस.टी.त बसली की संध्याकाळच्या आत पारावर निकाल लागलाच म्हणून समजा. निवृत्तीनं हे सगळं मनात घोळवलं, पण तोंडानं बोलला नाही. तो मनकर्णाकडे बघत राहिला. ती काय म्हणते याची वाट बघत राहिला.

"नागपंचमी काई लांब नाई," मनकर्णा म्हणाली. "कावीळ काय, उतरते आपोआप. माह्या आईले झाल्ती. खरं असून खोटं ठरायचं का आपुन? तुमी माह्याकडं नोका पाहू. जा वावरात."

आणि निवृत्तीला बरं वाटलं. इथं त्याची बाजू घ्यायला जागा नाही, म्हणून स्पष्टच सांगतो: त्याला बरं वाटलं. छातीवरचा दगड कोणी उचलून घ्यावा तसं झालं. त्यानं पटका बांधला, विळा घेतला आणि वावराकडे निघाला. वाटेत सहदेव भेटला. म्हणाला, तुमच्या ओळी मस्त फुटल्या. निवृत्ती हसला सुद्धा.

त्या दिवसापासून मनकर्णाबाई तोंडाला हळद लावायला लागली. सकाळी अंघोळ झाली की नागोबाचं नाव घ्यायची आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत हळद माखायची. बायका म्हणाल्या, नवऱ्याच्या शपथेपायी मनकर्णा लई देवाची झाली. हळदीखाली कातडीचा रंग कोणाला कळणार? डोळे झाकायला पदर होता. विहिरीवर ती सगळ्यांच्या आधी जाऊन यायची. आणि दिवसा पाठ टेकायची नाही. अंथरूण धरलं असं कोणी म्हणायला नको, म्हणून ती भिंतीला टेकून बसायची, समोर सुपात डाळ घ्यायची आणि हात हलवत राहायची. निवडलेली डाळ परत डब्यात, डब्यातली परत सुपात. रात्री सगळ्यांबरोबर निजायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची. अंग खाजायचं, ती लुगड्याच्या काठानं दंड घासायची आणि म्हणायची, डास फार झाले.

जनका रोज तिच्याकडे पाहायची आणि मग बापाकडे पाहायची. बाप दुसरीकडे पाहायचा. घर एवढंसं, तिघंच माणसं, तरी कोणाची नजर कोणाला भेटत नव्हती.

एका दुपारी हिंमतरावची बायको, सत्यभामाबाई, विरजण मागायला आली. तीन घरं ओलांडून विरजण मागायला का आली, हे काय सांगायला पाहिजे? मनकर्णा भिंतीशी बसली होती, डोळे मिटत होते. अंगणातला आवाज ऐकला मात्र, ती उठली, पायलीतली ज्वारी ओढली आणि जात्यापुढं बसली. सत्यभामाबाई आत येईपर्यंत जातं फिरायला लागलं होतं.

"एवढ्या दुपारचं दळन, मनकर्णाबाई?"

"पीठ सरलं. बसा ना. जनका, मावशीले पानी दे."

जनकानं पाणी दिलं. सत्यभामाबाई प्यायली नाही. लोटा शेजारी ठेवला आणि बसली. पावसाचं बोलली, भावाच्या घरचं बोलली, आपल्या सुनेचं बोलली. विरजणाची वाटी कधीच भरून पुढं ठेवली होती, पण ती उठेना. आणि ती उठत नाही तोवर मनकर्णाला जातं थांबवता येईना. मूठ टाकायची, फिरवायचं. मूठ टाकायची, फिरवायचं. घामानं हळद गळ्यापर्यंत ओघळली होती.

निवृत्ती गोठ्यात होता. गोठ्याच्या दारातून त्याला सगळं दिसत होतं. तिच्या पाठीची हाडं पोलक्यातून वर आलेली त्याला दिसली. एक हाक मारायची होती. मनकर्णे, बाहेर ये, बैलाले पानी दाव, एवढं म्हटलं असतं तरी ती सुटली असती. पण त्याला वाटलं, आपण आता मधी गेलो तर संशय येईल. तो बैलाच्या अंगावरचे गोचीड काढत बसला.

सत्यभामाबाई गेली तेव्हा पायली संपत आली होती. दारातून वळून ती म्हणाली, "येते. जपा." तिच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. ती गेली आणि जातं थांबलं, पण मनकर्णाचा हात खुंट्यावरून निघेना. बोटं वळली होती. जनकानं एकेक बोट सोडवलं.

मग ती गोठ्यात आली. "बाबा, आता तरी."

"थोडे दिस राह्यले, जनका."

"तिले धड बसनं होत नाई."

"थोडेच दिस. मंग मीच नेतो खामगावले, मोठ्या डॉक्टरकडं." तो तिच्याकडे न बघता बोलला. "तुह्यंही सगळं त्याच्यावरच हाय ना."

जनका उभी राहिली. तिचं सगळं त्याच्यावरच होतं हे खरं होतं. ती परत गेली आणि आईचं सांडलेलं पीठ भरायला लागली.

शेवटच्या दिवसांत मनकर्णाचं बोलणं बिघडलं. वरणात दोनदा मीठ पडलं, एकदा पडलंच नाही. जनकाला ती केव्हाच मेलेल्या आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारायची आणि मग हसायची. बसल्या बसल्या झोपायची, तोंड उघडं, सूप मांडीवर. निवृत्तीनं अंगणातलं दार लावून घ्यायला सुरुवात केली. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणायचा, कोंबड्या येतात.

नागपंचमी उजाडली. त्या दिवशी कोणी काही चिरत नाही, चुलीवर तवा ठेवत नाही, जमिनीला कुदळ लावत नाही. सकाळीच मळ्याचे सगळे धनी अनवाणी ओट्यापाशी जमले. अर्जुनआबांनी नागोबाला दूध-लाह्या वाहिल्या आणि निवृत्तीला पुढं बोलावलं.

"घर कसं हाय?"

"चांगलं हाय," निवृत्ती म्हणाला.

मळ्याच्या आत खोटं बोलायचं नसतं. तो बोलला. कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या स्वतःच्या लक्षातही ते नंतर आलं.

आबांनी त्याच्या ओळीतलं पान तोडून त्याचा विडा केला. आधी हिंमतरावला दिला, हिंमतरावनं अर्धा खाल्ला आणि अर्धा आपल्या हातानं निवृत्तीच्या तोंडात घातला. मग त्याच्या कपाळाला भंडारा लावला. "चुकलं माह्यं, निवृत्ती," तो म्हणाला. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. सहदेवानं हलगीवर हात टाकला. साऱ्या मळ्यानं निवृत्तीला पुढं घातलं आणि गावातून वाजत-गाजत घराकडे आणलं. पारावरची माणसं उठून उभी राहिली. काही महिन्यांमागं तोंड फिरवणारे आता रामराम घालत होते. निवृत्तीची मान ताठ झाली होती. बाप्पा, केवढं सुख वाटलं त्याला! आयुष्यात एवढं सुख त्याला कधी झालं नव्हतं, लग्नातही नाही.

दारात मनकर्णाबाई आरतीचं ताट घेऊन उभी होती. तोंडभर हळद, कपाळभर कुंकू. जनका तिच्या मागं खेटून उभी होती. आईला कसं धरून ठेवलं होतं ते तिचं तिलाच ठाऊक. मनकर्णानं ओवाळलं. ताट हलत होतं, पण बायका म्हणाल्या आनंदानं हात थरथरतो. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"झालं?"

"झालं."

"मंग आता पडू म्या?"

हे ती मोठ्यानं बोलली नाही. निवृत्तीनं ऐकलं आणि जनकानं ऐकलं. त्यानं ताट हातात घेतलं, आणि ती तिथंच ओट्यावर, अंथरलेल्या घोंगडीवर, पाय पोटाशी घेऊन निजली. वाजवणारे थांबले. कोणीतरी पदर बाजूला केला, आणि मग सगळ्यांनी तिचे डोळे पाहिले.

गाडी हिंमतरावनंच जुपली. स्वतः हाकली. दवाखान्यातल्या डॉक्टरानं पापणी उघडून पाहिली, पोट दाबून पाहिलं, आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

निवृत्तीनं जनकाकडे पाहिलं. जनका म्हणाली, "आषाढ लागला तवापासून."

"काय काम करत होत्या?"

"सगळंच."

डॉक्टर हात धुवायला गेला. परत आला तेव्हा रागावलेला नव्हता, थकलेला होता. "या आजाराला औषध फारसं नसतंच," तो म्हणाला. "नुसतं पडून राहू द्यायचं असतं. बहुतेक माणसं पडून पडूनच बरी होतात." त्यानं सलाईन लावली. मनकर्णाबाई जागी झाली नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत ती गेली.

आता तुम्ही म्हणाल, गावाला काहीतरी वाटलं असेल. वाटलं ना. गावाला फार वाईट वाटलं. मातीला सारा मळा आला. आणि मग लोक काय बोलायला लागले ते ऐका. म्हणाले, नागोबानं मुदत पाळली. बाई आजारी होती, तरी मुदतीत हात लावला नाही. नवऱ्याला वाजत-गाजत घरात घेतलं, ओवाळलं, मग गेली. असं मरण कोणाला येतं? निवृत्ती खरा, म्हणूनच असं झालं. तिचं मरणच त्याच्या खरेपणाची साक्ष झालं.

निवृत्तीला हे पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा तो अर्जुनआबांकडे गेला. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "आबा, म्या मारली तिले. मले ठाऊक होतं. म्या पडू देल्ली नाई."

आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दुःखात मानूस असंच बोलते. तुह्या अंगाले काई लागत नाई, निवृत्ती. देवानं दाखवलं सगळ्यायले."

तो हिंमतरावकडे गेला. हिंमतराव डोळे पुसत म्हणाला, "चूक असन तं माही. म्या आळ घेतला. तुह्यात काई खोट नाई." सत्यभामाबाई आत होती, ती बाहेर आली. "मले त्या दुपारीच समजलं होतं," ती म्हणाली. "हळद ओघळली होती ना. पन म्या आमच्या ह्यायले सांगतलं नाई. म्हटलं, खऱ्या मानसाचं कशाले बिघडवू? तुमचं भलं व्हावं म्हनूनच गप राह्यली, भाऊजी."

निवृत्ती तिच्याकडे पाहत राहिला. ती खरंच सांगत होती. चांगली बाई होती. त्या दुपारी तिनं बोंब मारली असती, तर तो खोटा ठरला असता, मळा गेला असता, पोरीचं लग्न मोडलं असतं, आणि मनकर्णा अंथरुणावर पडून राहिली असती. बरी झाली असती.

सहदेवाला सांगितलं, विहिरीवरच्या माणसांना सांगितलं, परगावच्या पाहुण्याला सांगितलं. कोणाला सांगायचं शिल्लक ठेवलं नाही. सगळे हात धरायचे, पाणी द्यायचे, म्हणायचे, तुमचा काय दोष. ज्या गावानं न केलेल्या गोष्टीसाठी त्याचं पाणी तोडलं होतं, तेच गाव केलेल्या गोष्टीसाठी त्याला एक शब्द बोलायला तयार नव्हतं. त्याची जीभ आता तिखट राहिली नव्हती. कोणी ऐकलंच नाही तर जीभ तरी काय करील? हिंमतरावचे वेल कोणी कापले ते शेवटपर्यंत कळलं नाही. खरं सांगायचं तर नंतर कोणी शोधलंही नाही.

मळा उघडा झाला होता. तो जाऊन आला. ओळी खरंच मस्त फुटल्या होत्या. माणसं बाजूला सरून त्याला वाट देत होती, आदरानं. तो आत दोन ओळी चालला आणि बाहेर आला.

तेरवी झाली आणि जळगावचा दुकानदार सुपारी घेऊन आला. असल्या घरची पोरगी मिळणं भाग्याचं, असं म्हणाला. तुळशीचं लग्न झालं की लग्न, असं ठरलं. पाहुणे गेले. घरात दोघंच उरली. जनका भाकरी करत होती आणि निवृत्ती भिंतीशी, मनकर्णा बसायची तिथं, बसला होता.

"जनका," तो म्हणाला, "तू काईच बोलत नाई."

"काय बोलू?"

"समदे म्हनतात, तुमचा दोष नाई."

"म्हनू द्या त्यायले." तिनं भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग चुलीकडेच तोंड ठेवून म्हणाली, "तुमाले मळा पाह्यजे होता, बाबा. मले सासर पाह्यजे होतं. मायले फकस्त पडायचं होतं. गावानं तुमाले सोडलं असन. म्या नाई सोडत. आन् मलेही नाई सोडत."

निवृत्तीनं मान हलवली. मनकर्णा गेल्यापासून त्याच्याशी कोणी असं बोललं नव्हतं. जनकानं ताट वाढून त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं पहिला घास घेतला आणि घास तोंडात असतानाच तो रडायला लागला. तिनं त्याला गप केलं नाही. ती दुसरी भाकर थापायला लागली.